सर्पांचे रंग व सुशिक्षितांचा शौक

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आले होते. हल्लीं ते इंग्लंडांत एका कारखान्यांत मोठ्या हुद्द्यावर आहेत. फराळ झाल्यावर त्यांनीं खिशांतील फोन काढून मोठ्या हौसेनें एक चित्र आम्हांस दाखविलें. कांचेच्या पेटींत एक लहानसा अजगर वेटोळें घालून बसला होता. अंगाचा रंग मधासारखा पिवळा, आणि त्यावर बारीक काळ्या रेषांचें जाळें असें नाजूक, कीं येवल्याच्या विणकरानेंही मान डोलवावी. "सर, हा स्पायडर. आपण शिकविलेल्या मेंडेलच्या नियमानेंच यांची पैदास करतात," ते म्हणाले. नंतर त्यांनीं त्याच सापाचें चलच्चित्र दाखविलें. साप भक्ष्यावर झेपावला. पण त्याचें डोकें भलत्याच बाजूस गेलें. मग तें मळसूत्रासारखें पिळत पिळत उलटें झालें, आणि कांहीं क्षण त्या प्राण्यास वर कोणतें व खालीं कोणतें हेंच उमगेना. "हें काय?" असें आम्हीं विचारलें. "तें स्पायडरमध्यें असतेंच, सर. खातो-पितो, वाढतो, कांहीं बिघडत नाहीं."

हें "कांहीं बिघडत नाहीं" तेव्हांपासून आमच्या मनांत सलत आहे. गेलीं पंचवीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत आनुवंशशास्त्र शिकवीत आहों. ग्रेगोर मेंडेल या मठवासी साधूनें वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून १८६६ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, तो प्रतिवर्षीं नव्या मुलांपुढें उकलून दाखवितांना आम्हांस अजूनही आनंद होतो. त्याच निबंधाची साक्ष काढून एका मुक्या प्राण्याचें डोकें जन्मभर गरगरत ठेवण्याचें समर्थन व्हावें, ही गोष्ट आम्हांस निमूटपणें सोसवत नाहीं. म्हणून हा लेख.

तथापि आमचा या शौकावर मुळांतच राग आहे, असा कोणाचा ग्रह होऊं नये. आमचे कांहीं व्यवसायबंधु सर्पशौकिनांस तुच्छ लेखतात; त्यांच्या मतें हा केवळ पैसेवाल्यांचा चाळा होय. तें मत आम्हांस मान्य नाहीं. पाळीव सर्पांची पैदास ही आनुवंशशास्त्राची एक खरीखुरी प्रयोगशाळा आहे, आणि तिनें शास्त्रास दिलेलें देणें लहान नाहीं.

उदाहरणार्थ, अमेरिकेच्या आग्नेय भागांत कॉर्न स्नेक नांवाचा एक बिनविषारी साप आढळतो. नारिंगी अंगावर तांबडे ठसे व त्यांस काळी किनार, असें त्याचें रूप. त्यांत क्वचित् काळा रंग मुळींच नसलेला साप जन्मतो. हा दोष नियमानें उतरतो कीं केवळ योगायोगानें? बेक्टेल दांपत्यानें अशा सापाची पैदास करून, हा गुण मेंडेलच्या अप्रभावी गुणांपैकीं आहे असें १९६२ सालीं 'कोपिया' या नियतकालिकांत दाखवून दिलें. अप्रभावी म्हणजे काय, हें ज्यांस आठवत नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्रत्येक पिलास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक बापाकडून व एक आईकडून. अप्रभावी गुण दोन्ही प्रती सदोष असल्याखेरीज दिसत नाहीं; एकच सदोष असेल तर पिलूं दिसावयास साधें, पण पोटांत तो गुण लपवून ठेवणारें, म्हणजे वाहक असतें.

आतां काळा रंग नसलेला एक कॉर्न स्नेक व तांबडा रंग नसलेला दुसरा, असें जोडपें घ्यावें. पिलें सर्व साधीं निघतात. आणि अननुभवी माणूस निराश होतो. पण त्याच पिलांची आपसांत जोडी लावली असतां दुसऱ्या पिढींत दर सोळांमागें सरासरी ९ साधीं, ३ काळा रंग नसलेलीं, ३ तांबडा रंग नसलेलीं, आणि १ असें निघतें कीं ज्यांत हे दोन्ही रंग नाहींत. हें शेवटचें पिलूं गुलाबी झांक असलेलें पांढरें असतें, व शौकीन त्यास 'स्नो' म्हणतात. कोणीं त्यास रंगविलें नाहीं. दोन वजाबाक्या एका अंड्यांत एकत्र आल्या, इतकेंच. वाटाण्याच्या शेंगेंत मेंडेलला सांपडलेलें ९:३:३:१ हें प्रमाण सापाच्या कातडीवर वाचावयास मिळावें, याहून सुंदर पाठ कोणता? पुढें २०१५ सालीं या बिनकाळ्या सापाच्या 'ओसीए-टू' नांवाच्या जनुकांत एक उपरा तुकडा घुसून बसल्याचें संशोधकांस आढळलें. याच जनुकांतील बिघाडामुळें माणसांतही एका प्रकारची जन्मजात रंगहीनता येते.

दुसरें उदाहरण याहून नवलाचें आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या पेटींत होता तो बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन इत्यादि पश्चिम आफ्रिकेच्या मुलखांतील हा लहान अजगर भ्याला म्हणजे अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्यास हें नांव पडलें. त्याच्या 'बनाना' नांवाच्या पिवळ्या प्रकाराविषयीं पैदासकारांस एक विचित्र अनुभव येऊं लागला. कांहीं बनाना नरांचीं बनाना पिलें बहुतेक नरच निघत, तर कांहींचीं बहुतेक माद्याच. ज्या नरास हा रंग बापाकडून मिळाला तो पुत्रांस देई. ज्यास आईकडून मिळाला तो कन्यांस देई. सुमारे अर्धशतक पाठ्यपुस्तकें सांगत आलीं होतीं कीं, सर्व सापांत लिंगनिश्चयाची किल्ली पक्ष्यांप्रमाणें मादीच्या हातीं असते. शौकिनांच्या वहींतील नोंदी मात्र सांगत होत्या कीं, या अजगरांत ती माणसाप्रमाणें नराच्या हातीं असावी. २०१७ सालीं बोआ व पायथन यांच्या गुणसूत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि पुस्तकें चुकलीं व वह्या बरोबर ठरल्या. पुढें २०२२ सालीं बॉल पायथनच्या तीन रंगप्रकारांचीं जनुकें शोधून काढण्यांत आलीं, तीं शौकिनांनीं पाठविलेल्या कातींवरून. साप वर्षांत अनेक वेळां कात टाकतो. तिच्यासाठीं कोणास इजा करावी लागत नाहीं.

सारांश, हे लोक अडाणी नाहींत. किंबहुना आमच्या पदवीधरांपैकीं बहुतेकांपेक्षां त्यांस आनुवंशिकतेचा व्यवहार अधिक कळतो. दोन वाहकांच्या साध्या दिसणाऱ्या पिलांपैकीं दोनतृतीयांश वाहक असणार, म्हणून ते त्यांवर 'शेंकडा ६६' अशी चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीचा अर्थ पिलांत गुणाचा सहासष्टांश भरला आहे असा नव्हे, तर तो असण्याचा संभव तितका आहे असा, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. चारांत एक म्हणजे चार अंड्यांत एक खात्रीनें, असेंही ते समजत नाहींत. बॉल पायथनच्या एका विणींत सहाच अंडीं असलीं, तर एकही इच्छित पिलूं न निघण्याचा संभव शेंकडा अठराच्या घरांत असतो, हा हिशेब ते बोटांवर करतात.

आणि आमची तक्रार येथेंच सुरू होते. ज्यास नियम ठाऊक नाहीं त्याच्या हातून दुःख निर्माण झालें तर तें अज्ञान म्हणून क्षम्य मानतां येईल. पण कोणत्या जोडप्यापासून किती पिलें कोणत्या रंगाचीं निघतील हें ज्यास आधीं सांगतां येतें, त्यास त्याच पिलांपैकीं कितींचें डोकें फिरणार हेंही आधींच ठाऊक असतें. त्यास अज्ञानाची सबब उरत नाहीं.

स्पायडरची हकीकत अशी. या नक्षीचा पहिला साप १९९९ सालीं आफ्रिकेंतून अमेरिकेंत आला. ही नक्षी प्रभावी आहे, म्हणजे एका प्रतीनेंच दिसते. स्पायडर व साधा यांच्या जोडप्याचीं निम्मीं पिलें स्पायडर निघतात. त्या सर्वांत कमीअधिक प्रमाणांत तोल जाण्याचा विकार असतो: डोकें कांपणें, मान पिळणें, भक्ष्यावरचा नेम चुकणें, उताणें ठेवलें असतां लवकर सुलटें होतां न येणें. दोन स्पायडरांची जोडी लावून दुहेरी प्रतीचा जिवंत साप मिळाल्याचें कोणास सिद्ध करतां आलेलें नाहीं. तो अंड्यांतच मरत असावा असा पैदासकारांचाच समज आहे. २०२२ सालीं जर्मन संशोधकांनीं क्ष-किरणांच्या सूक्ष्म चित्रणानें या सापांचा अंतःकर्ण तपासला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या व त्यांखालची पिशवी हीं दोन्ही स्पायडरमध्यें वेडींवांकडीं घडलेलीं आढळलीं. कानाच्या विकारानें ज्यांस कधीं भोंवळ आली असेल, ज्यांनीं घर फिरत असतां पलंगाची कड घट्ट धरून ठेवली असेल, त्यांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. फरक इतकाच कीं, आपली भोंवळ चार दिवसांनीं उतरते.

नक्षीचा व कानाचा संबंध काय, असें कोणी विचारील. सापाच्या कातडींतील रंगपेशी कातडींतच उपजत नाहींत. गर्भावस्थेंत पाठीच्या कण्याच्या जागीं पेशींची एक रांग असते. तींतून निघून त्या अंगभर पसरतात, आणि त्याच रांगेच्या पेशी चेहरा, मज्जातंतु, कान यांच्याही घडणींत भाग घेतात. म्हणून रंगाच्या जनुकांत केलेली ढवळाढवळ कधीं कधीं दूरच्या अवयवांत उमटते. निळ्या डोळ्यांचीं पांढरीं मांजरें बहुधा बहिरीं असतात, ही गोष्ट डार्विननें १८५९ सालींच लिहून ठेविली आहे. सर्वच रंग असे घातक नसतात, हेंही तितकेंच खरें. काळा रंग नसलेला कॉर्न स्नेक धडधाकट जगतो. प्रत्येक प्रकाराचा न्याय त्याच्या त्याच्या गुणदोषांवरून झाला पाहिजे.

आतां स्पायडरच्या समर्थकांचीं उत्तरें एकेक पाहूं.

पहिलें उत्तर असें कीं, हा विकार नक्षीचा नव्हे, तर जवळच्या नात्यांत केलेल्या पैदाशीचा; नवें रक्त मिसळत गेल्यानें तो जाईल. हें उत्तर पूर्वीं फार ऐकूं येई. पण गणित काय सांगतें? परक्या सापाशीं जोडी लावली कीं दर पिढीस निम्में रक्त नवें होतें. दहाव्या पिढींत मूळ सापाचा हजारावा हिस्साही उरत नाहीं. स्पायडरची जोडी नात्याबाहेरच्या असंख्य सापांशीं लागली आहे. बाकी सर्व धुऊन गेलें. उरली ती नक्षी, आणि तिच्याबरोबर उरला तो विकार. जें दोन गुण पंचवीस वर्षें एकमेकांस सोडीत नाहींत, ते शेजारी नव्हेत. ती एकाच जनुकाचीं दोन तोंडें होत.

दुसरें उत्तर: कमी डुलणारे साप निवडून त्यांचीच पैदास करावी. पण विकाराचें मान सख्ख्या भावंडांतही सारखें नसतें, आणि सौम्य आईबापांच्या पोटीं तीव्र विकाराचीं पिलें निघाल्याचें पैदासकारच सांगतात. जो घोडा लंगडण्यावांचून जन्मतच नाहीं, त्यांतून कमी लंगडणारा निवडण्यास सुधारणा म्हणणें हें शब्दांचें औदार्य होय.

तिसरें उत्तर आमच्या विद्यार्थ्याचें: खातो, वाढतो, अंडीं देतो, मग दुःख कशावरून? आम्ही उलट विचारतों, घाण्याचा बैल चारा खात नाहीं काय? खाणें आणि प्रजोत्पादन हीं जिवंतपणाचीं लक्षणें आहेत, सुखाचीं नव्हेत. शिवाय साप हा असा प्राणी कीं त्यास ओरडतां येत नाहीं, पापणी मिटतां येत नाहीं, चेहऱ्यावर वेदना दाखवितां येत नाहीं. कुत्रें याप्रमाणें मान पिळून पडूं लागलें तर घरांतील मुलें रडूं लागतील व रात्रींच डॉक्टरास बोलावतील. साप रडवीत नाहीं म्हणून तो सुखी, हा न्याय मुक्यावर चोरीचा आळ घालून त्याच्या मौनास कबुली समजणाऱ्या न्यायाधीशाचा आहे.

चौथें उत्तर: चपट्या नाकाचे पग कुत्रे श्वासासाठीं धडपडतात, मांसाच्या कोंबड्या आपल्याच वजनाखालीं मोडतात, मग एकट्या सापवाल्यांसच दोष कां? खरें आहे, तीं दुःखें मोठीं आहेत, व त्यांविषयींही लिहिलें पाहिजे. पण शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग दाखवून स्वतःच्या घरांतील निखारा झांकतां येत नाहीं. आणि कोंबडीच्या बाबतींत निदान पोटाचा प्रश्न पुढें करतां येतो; येथें तर केवळ डोळ्यांची हौस आहे.

या वादांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र क्वचितच कोणी बोलतो. अप्रभावी दोष पैदाशींतून काढून टाकणें फार कठीण. तो साध्या दिसणाऱ्या वाहकांत पिढ्यान् पिढ्या लपून राहतो. स्पायडर प्रभावी आहे. ज्याच्याजवळ तें जनुक आहे त्याच्या अंगावर तें लिहिलेलें असतें. संपूर्ण पांढऱ्या सापांत नक्षी झांकली जाऊं शकते, हा अपवाद सोडला, तर स्पायडर न दिसणारा साप स्पायडर नसतो. म्हणजे जगांतील पैदासकारांनीं उद्यां ठरविलें, कीं या सापांस शेवटपर्यंत प्रेमानें पाळूं पण त्यांची जोडी लावणार नाहीं, तर एकाच पिढींत हा विकार संपेल. कोणाच्या घरीं छापा घालावयास नको, रक्त तपासावयास नको. मेंडेलनें आपल्या नियमांत ही सोय करून ठेविली आहे. आणि तोच नियम पुढें करून विक्री चालते! ब्रिटनमध्यें इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी या शौकिनांच्याच संस्थेनें आपल्या विक्रीमेळ्यांत २०१८ पासून स्पायडर विकण्यास बंदी केली, याबद्दल तिचें अभिनंदन केलें पाहिजे. पण नक्षी अनेक आहेत. कार्पेट पायथनच्या 'जॅग्वार' प्रकारांतही असाच तोलाचा विकार असून दुहेरी प्रतीचीं पांढरीं पिलें अंड्यांत किंवा जन्मल्यावर लवकरच मरतात. तरी तो विकला जातोच.

कोणी म्हणेल, हा सर्व परदेशचा प्रपंच. महाराष्ट्रांतील वाचकांनीं त्याची चिंता कां वाहावी? २०२३ सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानांत बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडविलेले नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक सांपडले. पुड्यांत कोंडलेले हे प्राणी कोणासाठीं आणले जात होते? वारुळास दूध वाहणाऱ्या खेड्यांतील म्हातारीसाठीं खचित नव्हे. ते आमच्या तुमच्यासारख्या, इंग्रजी शिकलेल्या, चार पैसे बाळगून असलेल्या घरांतील दिवाणखान्यांसाठीं होते. आपल्या देशांतील साप पकडणें व बाळगणें १९७२ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. आणि २०२२ च्या दुरुस्तीनें, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यावरही नोंदणीचें बंधन आलें आहे. कायदा दारापर्यंत आला आहे. घरांतली रुचि मात्र कायद्यानें बदलत नाहीं.

आम्ही सुशिक्षित लोक मांडुळाच्या गोष्टीस हंसतों. त्या बिचाऱ्या बोथट शेपटीच्या सापास दुतोंड्या म्हणावें, त्याच्या पायीं गुप्तधन सांपडतें असें मानावें, वजनावर त्याचा भाव ठरवावा व त्यासाठीं तो चोरून विकावा, या वेडेपणाच्या बातम्या वाचून आम्ही समाजाच्या अंधश्रद्धेवर व्याख्यानें देतों. पण मांडूळ वजनावर घेणारा आणि स्पायडर नक्षीवर घेणारा यांत तत्त्वतः अंतर किती? दोघांसही साप नको आहे. दोघांस त्याच्यावर चिकटलेली किंमत हवी आहे. पहिल्यास निदान कोणीं कांहीं शिकविलेलें नसतें. दुसरा आमच्या वर्गांत बसून गेलेला असतो.

शेवटीं, हा शौक ज्यांस कायद्यानें मोकळा आहे त्या परदेशस्थ मराठी बांधवांस आमचें एवढेंच सांगणें आहे. साप घ्यावयाचाच असेल तर रंगाचें नांव विचारण्यापूर्वीं त्या रंगाचा प्राण्याच्या शरीरावर काय परिणाम होतो हें विचारा. विकणारा उत्तर टाळील तर परत फिरा. आणि असा साप घरीं असेलच, तर त्यास खालच्या फांदीवर, शांत जागीं, जपून ठेवा. पण त्याची पिढी वाढवूं नका.

आमचे विद्यार्थी जातांना दारांत थबकले होते. "सर, पुढल्या वर्षीं याची जोडी लावणार आहें. निम्मीं पिलें स्पायडर निघतील ना?" आम्हीं म्हटलें, "निघतील. हिशेब तुझा बरोबर आहे." त्याखेरीज तेव्हां आम्हांस कांहीं बोलवलें नाहीं. राहिलेलें बोलणें या लेखांत आलें आहे. तो त्यांच्याकडे पाठवीत आहों.